धुऱ्यावरची तूर

सगळ्या गावाची तूर कापून झाली, मळून झाली, विकूनही झाली. माझ्या धुऱ्यावरची तेवढी उभी होती. धुरा म्हणजे वावराचा बांध, आणि माझं वावर गावाले लागूनच आहे. अंगणात बाजेवर बसलो की ती तूर समोर दिसे. वारा आला की वाळलेल्या शेंगा खुळखुळ वाजत. पूस सरला, माघ लागला, तरी वाजतच होत्या. येणारा-जाणारा हटकून विचारे, "गुलाबराव, तूर फुटून राह्यली ना. कापत काहून नाई?"

मी म्हणे, "कापतो." आणि बाजेवरच बसून राहे.

ती तूर पंचफुलानं पेरली होती. पंचफुला माझी बायको. मृगात तिनं पेरली आणि पोळ्यानंतर ती गेली. ताप आला, यवतमाळले नेली, परत आणली ती चादरीत. वावरातली कपाशी, सोयाबीन हे माझं काम. पण धुऱ्यावरची तूर दरवर्षी तिची. पदराच्या ओट्यात बी घेऊन, वाकून, एकेक दाणा बोटानं टोबत जाई. त्यात मले बोलायचा हक्क नव्हता. तिच्या हातचं जगात आता तेवढंच राहिलं होतं. लुगडी पेटीत आहेत, पण लुगडं काही वाढत नाही. तूर वाढली. ती गेल्यावर माझ्या डोक्याच्या वर गेली, पिवळी फुलली, शेंगांनी वाकली. आता हे कापून टाकायचं म्हणजे काय, ते मी कोणाले सांगत बसलो नाही. सांगून समजत नाही, आणि ज्याले समजते त्याले सांगावं लागत नाही.

तुरीचं पीक मोठं धीराचं. सोयाबीन पाहुण्यासारखी येते आणि दसऱ्याच्या आत निघून जाते. कपाशी वेचता वेचता बायांची बोटं फाटतात, पण तीही आवरते. तूर घरच्या बाईसारखी. सगळ्यांचं जेवण झालं की मग तिचं ताट. पुसातल्या सकाळी धुवारी पडली की दोन हातांवरचं दिसत नाही, तुरीच्या पानापानातून पाणी ठिपकते, आणि माणूस आभाळाकडं पाहून शिव्या देते, कारण धुवारीनं फूल गळते. यंदाही गळलं. गावात तूर अर्धीच झाली. धुऱ्यावरची काहून वाचली कोणास ठाऊक. बांधाच्या वाऱ्यानं वाचली असन.

या दिवसांत आमच्या घरी रोज संध्याकाळी हिरव्या शेंगा उकडत. मिठाच्या पाण्यात, मातीच्या गाडग्यात, चुलीवर. शेंगा शिजल्याचा वास एकदा घरात शिरला की गोधडीतही येई. मग आम्ही दोघं चुलीसमोर बसून सोलत खायचो, टरफलांचा ढीग मधात. किडकी शेंग निघाली की ती माझ्याकडं सरकवे. म्हणे, "घ्या, तुमाले मटन." एवढ्याच गोष्टी. याच्याहून मोठं आमच्यात काही बोलणं होत नसे, आणि त्याची कधी गरजही पडली नाही. यंदा मी शेंगा उकडल्या नाहीत. हिरव्या होत्या तेव्हा तोडल्याच नाहीत.

डाळ घरचीच असे. जात्यावरची. तुरीले आधी तेलपाणी चोळायचं, पोत्याखाली झाकून ठेवायचं, मग ऊन दाखवायचं, अंगणभर पसरून. दाणा उन्हात टणक झाला की जात्यात घालायची. माझ्या मायचं जातं होतं ते, काळ्या दगडाचं. पहाटे त्याची घरघर सुरू झाली की मले झोप चांगली लागे. घरात कोणी जागं आहे, असं वाटे. आता घरात मीच जागा असतो.

*

पुष्कळ वर्षांआधी दालमिल गावात आली, तोही तुरीचाच हंगाम होता. शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा भरली होती. सगळ्यांच्या अंगावर शाली, मफलर, आणि उन्हाकडं पाठ. पंचायत समितीच्या मॅडम आल्या होत्या. तेव्हा त्या नवीन होत्या, स्कुटीवर येत, बोलताना पदर सारखा सावरत. त्यांनी सांगितलं, जिल्हा परिषदेजवळ निधी आहे, शेतकरी गटाले छोटी दालमिल मिळू शकते. मशीन सरकार देईल, शेडसाठीही देईल, गटानं सहकारी पद्धतीनं चालवायची. "फक्त लोकवाटा तुमचा पाहिजे," त्या म्हणाल्या.

आम्ही माणसं लगेच उठलो. सरकारची मिल, सरकारनं द्यावी, आमचा वाटा कायले? मी तर तोंड उघडून बोललो, "मॅडम, सहकार आमाले मालूम आहे. आधी पाटी लागते, मंग कुलूप लागते."

माणसं हसली. तिकडं बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "पाटी तुमीच लावता, कुलूपबी तुमीच लावता. किल्ली कधी बायाईजवळ देली काय?"

पंचफुला होती. सभेत मले असं बोलली. घरी आल्यावर मी म्हटलं, "चार लोकात नवऱ्याची इज्जत काढते काय?" ती चुलीत फुंकर मारत म्हणे, "इज्जत होय का कुलूप, ते पाहा आधी."

तर गट बायांचा झाला. पंचफुला पुढं, आणि तिच्या जोडीले जंगूबाई. जंगूबाई पोडावरची. टेकडीच्या पायथ्याशी कोलामांची वस्ती आहे, तिले पोड म्हणतात. दोघी एकाच वावरात कापूस वेचत वेचत म्हाताऱ्या झालेल्या. आता लोकवाटा म्हणजे काय, हे दोघींनी आपल्या अकलेनं समजून घेतलं. सरकारी भाषेत त्याचा अर्थ काय असन तो असो. आमच्या गावात वाटा म्हणजे भंडाऱ्याचा वाटा. हनुमान मंदिरावर जेवण असलं की घरोघरून जे निघन ते आणतात. कोणी तांदूळ, कोणी लाकडं, कोणाजवळ काहीच नाही तर तो पाणी भरते. कोणी मोजत नाही. झालं, मॅडम मोजमाप घ्यायले आल्या त्या सकाळी बायांनी शेडच्या जागेवर लोकवाटा आणून मांडला. रेतीच्या टोपल्या, नाल्यातले गोटे, एक जुनी चौकट, गवऱ्या, भोपळे, कोणाच्या लग्नातलं पितळेचं घंगाळ. आणि जंगूबाईच्या काखेत एक लाल कोंबडा.

मॅडम पाहतच राहिल्या. "हे काय, मावशी?"

"लोकवाटा."

"अहो, कोंबडा कसा घेऊ मी? कोंबड्याची नोंद होत नाही."

जंगूबाई म्हणे, "काहून? सरकार कोंबडा खात नाई काय?"

मॅडम आधी गंभीर राहिल्या, मग त्यांनाही हसू फुटलं. चांगली बाई. दुसरी असती तर जीपमध्ये बसून निघून गेली असती. त्यांनी समजावून सांगितलं की पैसा नसन तर श्रमदान चालते, दगड, रेती चालते. घंगाळ, भोपळे परत जाऊ द्या. कोंबडा मात्र परत गेला नाही. तो शिजवून गवंड्याले जेवू घातला, आणि जेवून खूश झालेल्या गवंड्यानं पायाचं काम फुकटात आपल्या अंगावर घेतलं. ते लोकवाट्यात धरलं. म्हणजे शेवटी कोंबडा कागदावर चढलाच. जंगूबाई हे अजूनही सांगते.

मी हे सगळं दुरून पाहून राह्यलो होतो. हसतही होतो. संध्याकाळी घरी आलो तर जात्याच्या जागी नुसता गोल खड्डा.

"जातं कुठं आहे?"

"लोकवाट्यात देलं," ती म्हणे.

"माझ्या मायचं जातं?"

"तुमच्या मायचं होतं तं तुमी दळाचं होतं."

मी त्या रात्री जेवलो नाही. ती जेवली.

खालचा दगड गवंड्यानं मशीनच्या पायात बसवला. त्याले भारी, सपाट दगड पाहिजेच होता. वरचा, खुंट्याच्या भोकाचा, तो दाराच्या उंबऱ्यात टाकला. तिथंच घोटाळा झाला. जात्याले पाय लावत नाहीत. आमच्याकडं कोणी शिकलेला असो की अडाणी, जात्याले पाय लागला तर हात लावून कपाळाले लावते. आता तेच उंबऱ्यात. पहिल्या दिवशी बाया दाराशी येऊन अडकल्या. पंचफुलानं लुगडं थोडं वर धरलं आणि टांग टाकून आत गेली. मागून जंगूबाई. मग एकेक करून सगळ्या, बकऱ्यांनी नाली ओलांडावी तशा. तेव्हापासून तीच रीत पडली. मिलीत कोणी उंबऱ्यावर पाय देत नाही. दगडाच्या भोकात पावसाचं पाणी साचते, त्यात चिमण्या चोच बुडवतात. त्यांना काही बंधन नाही.

पहिल्या वेळी मिल चाललीच नाही. पांढरकवड्याहून सलीम मिस्त्री आला होता मशीन लावायले. बायांनी तूर जात्याच्या हिशेबानं तयार केलेली, तेलात निथळत होती. रोलरवर दाणे नुसते घसरत, साल निघेना. सलीमनं मूठभर तूर हातात घेतली, हात पुसायले फडकं मागितलं आणि पंचफुलाले म्हणे, "भाभी, ये मशीन है. बाळंतीण नाही. इतकं तेल कायले चोळलं?"

बाया पोट धरून हसल्या. पंचफुलाही हसली, पण घरी आल्यावर मले म्हणे, "तुमी नोका हसू. तुमी तिथं नोतेच." मी खरोखरच नव्हतो. पण गावात गोष्ट माझ्याआधी घरी पोचते.

मग दरवर्षी हंगामाची बोहणी तिच्याच धुऱ्यावरच्या तुरीनं होई. आधी तिची तूर, मग गावाची. असं कोणी ठरवलं नव्हतं. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, आणि मग तेच राहिलं. ती संध्याकाळी घरी येई तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर डाळीची पिवळी धूळ. हळद लागल्यासारखी दिसे. म्हातारपणी एकदा मी तसं बोललोही. ती म्हणे, "हो, आता वरातच काढाची राह्यली." वरात निघालीच शेवटी.

*

ती गेली आणि मिलीचं दार लागलं ते लागलंच. भांडण झालं नाही, फूट पडली नाही. लोकांना वाटते सहकार भांडणानं मोडते. मी सांगतो, तो नुसता बसतो, म्हातारं जनावर बसते तसा. बाया वेचणीले जात होत्या, कोणी लेकीकडं गेली, कोणाचे गुडघे गेले. सरकार मशीन देते, पत्रे देते, पाटीही रंगवून देते. सकाळी उठून दार उघडणारा माणूस कोणत्या योजनेत येते, हे मले माहीत नाही. किल्ली आमच्याच घरात होती, देवळीजवळच्या खुंटीवर, तिनं लावली तशी. कोणी मागायले आलं नाही. मीही नेऊन देली नाही.

माघात एका दुपारी जंगूबाई आली. डोक्यावर सरपणाचा भारा होता तो तिनं कुडाले टेकवला आणि माझ्या समोर जमिनीवर बसली. आधी पाणी पिली. मग म्हणे, "भाऊ, मॅडमचा फोन आलता. साहेब येऊन राह्यले मिल पाहाले."

"कायले?"

"जिल्हा परिषदेत निधी आला म्हनते. दुसरा टप्पा. डाळ वाळवाची मशीन देतीन, शेड वाढवून देतीन. पन मिल चालू दिसली पायजे. बंद दिसली का उचलून नेतीन. झरीकडच्या गटानं मागतली हाये."

मी म्हटलं, "नेऊ दे. झरीकडबी मानसंच राहातात."

"राहातात ना. मी कोठं म्हनते जनावरं राहातात?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन मशीन काढाची म्हंजे पाया फोडा लागते, भाऊ. मॅडमच बोलली."

पायात काय आहे ते तिले सांगावं लागलं नाही आणि मले विचारावं लागलं नाही.

"मंग चालवा ना तुमी," मी म्हटलं. "मी काय धरून ठेवली?"

"चालवाले तूर पायजे. घराघरातून मागतली. धुवारीनं कोनाजवळ काई राह्यलं नाई, सारं थ्रेशरातून सिदं गाडीत गेलं. टोपलं-टोपलं निंघते. त्यानं तं मशीनचं तोंडबी ओलं नाई होत." मग तिनं धुऱ्याकडं न पाहता म्हटलं, "आन् बोहनी तिच्या तुरीची होते."

वारा आला. शेंगा वाजल्या. तेवढ्यात पोपटांचा एक थवा येऊन तुरीवर बसला, आणि टरफलं खाली पडू लागली.

जंगूबाई उठली, भारा डोक्यावर घेतला. जाता जाता म्हणे, "तूर पोपटाईले चालते. बायाईले नाई चालत. बरं हाये."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती विळा घेऊन धुऱ्यावर उभी होती. मी आलो, तिच्या हातातून विळा घेतला. म्हटलं, "मी कापतो. तू पेंड्या बांध."

वाळून वाळून तूर अशी झाली होती की बुंध्याले विळा लागला की वरच्या शेंगा आपोआप फुटत. तड-तड-तड. दाणे उडून गालावर लागत, मानेतून सदऱ्यात शिरत. हिरवट ओल असताना कापली असती तर दाणा शेंगेत राहिला असता. उशीर केला त्याची ही शिक्षा. जंगूबाई खाली पाहून हळहळत होती, "सांडली ना बापा, केवढी सांडली." मी कापत राहिलो. कंबर मोडली तरी थांबलो नाही. थांबलो असतो तर उरलेली तशीच ठेवली असती. दुपारपर्यंत धुरा रिकामा झाला. बुंध्यांचे तिरपे खुट तेवढे राहिले. मी अंगणात येऊन बसलो आणि पहिल्यांदा वारा आला तो काहीच न वाजवता गेला. तेव्हा मात्र मले आत जाऊन बसावं लागलं.

मग तेच अंगण. बायांनी पेंड्या काठीनं बडवल्या, दाणे सुपानं पाखडले, कुटार एका बाजूले सारलं. तूर पसरली. तेलपाणी करायची वेळ आली तशी सगळ्या घमेल्याभोवती बसल्या आणि वाद सुरू झाला.

"ती एवढं टाके."

"कुठं? एवढं तं जात्याले. मशीनले कमी टाके."

"तुले काय मालूम, तू तं पोत्यावर बसून सुपारी खाय."

शेवटी सगळ्या माझ्याकडं वळल्या. जंगूबाई म्हणे, "भाऊ, तेल किती घालत होती ती?"

"मले काय मालूम?" मी म्हटलं. "मी जेवत होतो."

कोणी हसलं, कोणी पदर डोळ्याले लावला. मग जंगूबाईनं अंदाजानं ओतलं. कमी झालं का जास्त, हे सांगणारं आता कोणी नाही. जे पडलं ते बरोबर, असं धरायचं. तूर उन्हात पडली तोवर मी हातात काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसलो. तेल, ऊन आणि तूर यांचा तो वास अंगणात पुन्हा आला. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, आत कोणी भाकर थापून राह्यलं. म्हणून मी डोळे उघडेच ठेवले.

*

साहेब आले त्या सकाळी मी खुंटीवरची किल्ली काढली आणि जंगूबाईच्या हातात देली. तिनं ती कपाळाले लावली, कमरेले खोचली, आणि जसं काही ती कालपर्यंत तिथंच होती अशी पुढं चालू लागली.

सलीम मिस्त्री आधीच येऊन बसला होता. उंदरांनी पट्टा खाल्ला होता, त्यानं नवीन आणला. मोटरीवरची जाळी झाडता झाडता म्हणे, "काकाजी, ऐसे कैसे चलेगा? मशीन बंद ठेवली का ती रुसून जाते." मग माझ्याकडं पाहून त्याच्या ध्यानात आलं, आणि तो पान्हा शोधू लागला. पान्हा त्याच्या हातातच होता.

साहेब तरणे होते, बूट चकचकीत. दारात आले आणि सरळ उंबऱ्यावर पाय देऊन आत गेले. बायांच्या तोंडावरचा रंग उडाला. मागून मॅडम आल्या. आता त्यांच्याही केसात पांढरं दिसते. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या, साडी थोडी उचलली, आणि टांग टाकून आत आल्या. इतक्या वर्षांनी त्यांना आठवण होती. साहेबांनी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

माझी पाळी आली. मी आजवर त्या मिलीत कधी गेलो नव्हतो. बैलगाडी दारापर्यंत, मी गाडीवर, माल बाया उतरवत. आता टांग टाकायची तर गुडघा वर येईना. जंगूबाईनं आतून हात पुढं केला. म्हणे, "ये भाऊ. जनमभर बाहेर बसला." मी तिचा हात धरला आणि आत आलो.

सलीमनं बटण दाबलं. मशीन आधी खोकलं, मग घरघर सुरू झाली. पत्रे थरथरले. बायांनी तूर वरून ओतली, आणि खाली आधी साल आली, मग भुगा, आणि मग डाळ. पिवळीधमक. पण तुकडा पुष्कळ होता. साहेबांनी मूठभर घेऊन तळहातावर पसरली. "ब्रोकन जास्त आहे," ते म्हणाले.

जंगूबाई म्हणे, "बंद होती ना साहेब. मानूस झोपेतून उठते तं एकदम सरळ बोलते काय?"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, चालू आहे असं लिहितो, मशीन इथंच राहील. वाळवणीच्या मशीनचं वर पाठवतो, निधी मार्चच्या आत सुटला तर सुटला. मग पेन उघडून म्हणे, "या टप्प्याचा लोकवाटा काय दाखवायचा?"

मॅडम म्हणाल्या, "तूर काकाजींची आहे, सर."

"काकाजी, नाव सांगा."

मी म्हटलं, "पंचफुला."

ते माझ्याकडं पाहत राहिले. "हे तुमचं नाव?"

"पेरनारीचं. मी फकस्त कापली."

मॅडम हळू आवाजात त्यांना काही बोलल्या. साहेबांनी पेन वर धरलं. मग म्हणाले, "काका, तसं नाही लिहिता येत. माणूस हयात पाहिजे."

मी म्हटलं, "मंग मानूस नोका लिहू. तूर लिहा. तूर तं हाये ना."

त्यांनी काही तरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मशीनची घरघर चालू होती आणि ती पायाच्या तळव्यातून वर येत होती. खाली मायच्या जात्याचा दगड. मले वाटलं, दगडाले काय फरक पडते, वरून हात फिरवते का वीज. मग वाटलं, पडत असन. कोणाले विचारायचं?

*

मिल आता चालते. रोज नाही, तूर आणि वीज असली तर. चिल्लर काम येते, आजूबाजूच्या गावातून बाया डोक्यावर टोपलं घेऊन येतात. वाळवणीच्या मशीनचं अजून काही कळलं नाही. निधी वरून निघाला म्हणतात. निघाला असन, वाटेत गावं पुष्कळ आहेत. किल्ली जंगूबाईच्या कमरेले असते. माझ्या घरातली खुंटी रिकामी आहे. सवयीनं हात तिकडं जाते.

पिकाच्या मागून गरीब बायांनी सांडलेलं वेचून न्यावं, ही आमच्याकडची जुनी चाल. त्याले सरवा म्हणतात. मालकानं सरव्याले नाही म्हणू नये, म्हटलं तर पुढच्या साली पीक रुसते. मी जनमात कधी नाही म्हटलं नव्हतं. परवा जंगूबाई टोपलं घेऊन धुऱ्यावर आली, वाकून पाहिलं. खुटांच्या आजूबाजूले मातीत, भेगांत, वाळल्या पानांखाली तुरीचे दाणेच दाणे.

"सरवा घेऊ ना, भाऊ? लय पडला हाये."

"नोको."

ती सरळ उभी झाली. "नोको?"

"नोको वेचू. राहू दे तसाच."

"कोंबड्या सोडतं काय?"

"नाई."

तिनं एकदा मातीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग टोपलं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसली. चंची सोडली, तंबाखू मळली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. तूर गेल्यामुळं धुऱ्यावरून आता सिधी मिल दिसते, पत्रे उन्हात चमकतात. आधी मध्ये हिरवं होतं.

"मृगात उगवन तो," ती म्हणे.

"उगवो. नाई तं किडामुंगी खाईन."

ती गेल्यावर मी बोरीच्या काट्या तोडून आणल्या आणि धुऱ्याच्या दोन्ही अंगानं लावून घेतल्या. मृगाले लय वेळ आहे. तोवर ढोरं मोकाट असतात.